बातम्या संपेपर्यंत

रेडिओ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी त्याचा रंग बघतं. मग खांद्याचा पट्टा बघतं, चामड्याचं कव्हर मिळेल का विचारतं, आणि सगळ्यात शेवटी म्हणतं, "लावा बरं एखादं गाणं." केजच्या बसस्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि विक्रीचं दुकान होतं. हा क्रम उलटा करा असं मी तिथं बसून उभी हयात लोकांना सांगत आलो. ऐकायची वस्तू विकायची आणि आपलं मात्र कुणी ऐकायचं नाही, असा हा धंदा.

माझे वडील स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. मी त्याच टपरीत रेडिओ उघडून बसलो, तेव्हा ते महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. पुढे लोक मला रशीद मिस्त्री म्हणू लागले आणि टपरीचं दुकान झालं, तेव्हा बोलायला लागले. धंद्यातलं सगळं सांगत बसलो तर हा अंक मला पुरायचा नाही. रेडिओ कसा निवडावा एवढंच सांगतो, आणि ते मला कुणी शिकवलं तेही सांगतो.

माझी स्वतःची तत्त्वं साधी होती. गाण्यावर रेडिओ निवडू नये, कारण गाणं कुठल्याही डबड्यातून बरं लागतं. बातम्या लावाव्यात, आवाज अगदी बारीक करावा आणि माणसाचे शब्द सुटे सुटे कळतात का ते बघावं. मागचं झाकण उघडून सेलच्या स्प्रिंगा बोटानं दाबून बघाव्यात. आणि मुख्य म्हणजे दुकानात ऐकून भुलू नये. माझ्या दुकानाच्या माळवदावरून तार सोडलेली होती, तिच्या जिवावर दगडसुद्धा बोलला असता. खिशात मावणाऱ्या रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते, तीच त्याचा कान. ती आडवी बसवलेली असते. म्हणून रेडिओचं तोंड किंवा पाठ केंद्राच्या दिशेला असली की आवाज खणखणीत येतो, आणि त्याची कड तिकडे केली की तोच आवाज बसतो. आमच्या भागाला मराठी ऐकू येई ते ईशान्येकडून, परभणीच्या बाजूनं. लोखंडाजवळ ठेवला तर विचारायलाच नको.

हे सगळं मी जवळच्या गावातल्या एका पुढाऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यात जास्त बँडचा रेडिओ नेला आणि चौथ्या दिवशी निरोप पाठवला, खरखरतो म्हणून. जाऊन बघतो तर साहेबांनी तो बैठकीतल्या लोखंडी कपाटावर, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या रांगेत मांडलेला. मी उचलून लाकडी स्टुलावर ठेवला. लगेच स्वच्छ बोलायला लागला. साहेब म्हणाले, "आवाज बरा हाय, पर तिथं ठिवल्यावर लोकांला दिसनार कसा?" रेडिओ परत कपाटावर गेला. पुढे मी तिथं गेलो की तो मुकाच असायचा, फक्त दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा.

आणखी एक काका होते. नवा रेडिओ नेऊन आठवड्यानं परत घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्त्री, बदलून द्या. ह्येच्यात रोज हवामान कोरडे राहील म्हनतेत."

मी म्हणालो, "काका, कंपनी बदलली तरी हवामान तेच येणार."

"मंग ह्येला आणला कावून?" असं म्हणून ते रेडिओ तिथंच ठेवून गेले. संध्याकाळच्या बातम्यांच्या आत पुन्हा येऊन घेऊन गेले, ही गोष्ट वेगळी.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. बहात्तरचा नव्हे, तो सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर जे आले ते आमच्याशिवाय फारसे कुणाच्या लक्षात नाहीत, त्यांतला एक. लोकांकडे प्यायला पाणी नव्हतं, तरी रेडिओला गिऱ्हाईक होतं. घरात बसून ढगाची वाट बघायची तर सोबतीला कुणीतरी बोलणारं लागतं. त्या हिवाळ्यात एक दिवस सोजरबाई दुकानात आली.

पस्तिशीची बाई, जीपमधून धूळ खाऊन आलेली. पुढ्यातल्या रेडिओंवरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "ह्यातला कोनता रेडिव येळ लई बराबर सांगतो?"

"घड्याळाचं दुकान पलीकडं आहे, बाई," मी म्हणालो. मला वाटलं मी फार विनोदी बोललो.

"घड्याळ हाय घरी. महादूची गाडी घड्याळावर चालत न्हाई, बातम्यावर चालती."

मग तिनं जे सांगितलं ते असं. तिची वस्ती बालाघाटाच्या एका घळीत, तीन घरांची. एक तिचं, एक तिच्या जावेचं आणि एक म्हाताऱ्या तुकाअण्णांचं. तिचा नवरा आणि दीर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. एरवी नवरा-बायको जोडीनं जातात, त्याला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. पण यंदा म्हशी कुणावर सोडायच्या म्हणून बायका मागं राहिल्या आणि दोन अर्धे कोयते मिळून एक पुरा झाला. गावात दूध सोसायटी होती. सोसायटीची, म्हणजे महादूची, गाडी सकाळी वस्तीच्या फाट्यावर थांबायची आणि तिन्ही घरांचं मिळून भरलेलं कॅन उचलायची. अर्धं कॅन घ्यायचं नाही, असा सोसायटीचा नियम. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता. जो दूध घालील त्यालाच पेंड आणि कडबा. त्या वर्षी रानात काडी उरली नव्हती. सोसायटीचा कडबा थांबला की म्हैस बाजारात उभी करायची, आणि त्या वर्षी बाजारात म्हशी घेणारे कोण होते ते मी लिहीत नाही.

गाडी किती वाजता सुटणार यावर पूर्वी रोज भांडणं व्हायची, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. शेवटी सोसायटीच्या बैठकीत ठरलं की सकाळच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की गाडी फाट्यावरून हलणार, त्याआधी नाही आणि नंतर नाही. गावात रेडिओ होते, गावाचं भागलं. घळीतल्या वस्तीवर एकही नव्हता. कधी जाऊ उशिरा धार काढायची, कधी तुकाअण्णा झोपून राहायचे, कॅन अर्धं राहायचं आणि गाडी निघून जायची.

"चेअरमन म्हनले, आता आनखी खाडे झाले तर वस्तीचं नाव कमी करतो," सोजरबाई म्हणाली. "मी म्हनलं, करून बगा."

हे चेअरमनला म्हणाली की मनातल्या मनात, ते मी विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, चेअरमनलाच म्हणाली असणार.

मी तिला माझ्याकडचा सगळ्यात चांगला लहान रेडिओ दिला आणि तोंड परभणीच्या दिशेला ठेवायचं तेही सांगितलं. तळहाताएवढा, दोन सेलवर चालणारा, सेल पुरवून पुरवून वापरणारा. शब्द न् शब्द असा यायचा की निवेदकाला पडसं झालं असेल तर तेही कळावं. असा रेडिओ हातातून जाताना मला जरा वाईटच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ती तो परत घेऊन आली.

"काय झालं? घळीत लागत नाही का?"

"लागतो. लई गोड लागतो."

"मग?"

"येकट्यालाच लागतो, मिस्त्री. जावंच्या घरला जाईस्तवर त्याचा आवाज मरतो. तुकाअन्नाला तर कानाला लावून बी ऐकू येईना. मी येकटी येळंवर जाऊन काय करू? माझ्या येकटीच्या दुधानं कॅन भरतंय व्हय?"

मला राग आला, खरं सांगतो. चांगल्या मालाची किंमत नसलेलं गिऱ्हाईक बघितलं की माझं डोकं फिरायचं. मी म्हणालो, "मोठ्यानं बोलतो तो चांगला, असं नसतं बाई. आवाज स्वच्छ पाहिजे."

"सोच्छ आवाज घरात बसनाऱ्याला," ती म्हणाली. तिचं बोट माझ्या डोक्यावरच्या फळीकडे गेलं. "त्यो कोनता?"

तो म्हणजे पाटील. एका जळालेल्या रेडिओचं पोट, दुसऱ्याचं लाकडी खोकं आणि कुठल्यातरी मोडलेल्या लाऊडस्पीकरचा कर्णा मिळून मीच एका रिकाम्या दिवाळीत तो जोडला होता. चार मोठे सेल खायचा. वर उचलायला लोखंडी कडी. हळू बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून मी त्याला पाटील म्हणायचो. आवाज घसा बसलेल्या माणसासारखा. त्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं आणि तो असलेला मला कमीपणाच वाटायचा.

"तो विकायचा नाही," मी म्हणालो.

"मंग ठिवलाय कशाला?"

मीही हट्टाला पेटलो होतो. म्हणालो, उद्या दोन्ही रेडिओ घेऊन मी तुमच्या वस्तीवर येतो, तिथंच काय तो निकाल लावू. माझी खात्री होती की त्या घळीत पाटलाची बोलती बंद होणार.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मी गेलो. सोजरबाईच्या ओट्यावर आधी लहान रेडिओ लावला. काय सांगावं, त्या डोंगराच्या कुशीत तो दुकानापेक्षा गोड वाजला. मग तिनं मला तुकाअण्णांच्या घरापाशी नेऊन उभं केलं. मधे दोन वावरं, दोन्ही रिकामी, ढेकळं पडलेली. मी कान टवकारले, जाऊ हसली, तुकाअण्णा कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत बसले. मला म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं, रेडिओ नाही.

मग पाटील. ओट्यावर नुसता खरखरला. मला आत कुठंतरी बरं वाटलं. पण सोजरबाई काही हरणारी नव्हती. "तुमीच तर परवा म्हनला, दिशा लागती म्हनून," असं म्हणून तिनं कडी धरून त्याला उचललं आणि अंगणात फिरवायला सुरुवात केली. वरचे पत्रे सोडून ती मोकळ्यात आली तसा तो जरा बोलला. विहिरीच्या धक्क्यावर ठेवून त्याचं तोंड परभणीकडे केलं आणि एकदम त्याचा घसा सुटला. बाजारभाव चालले होते. तुकाअण्णा आपल्या दारातून ओरडले, "ज्वारीचा काय म्हनला रं?"

त्यांना ऐकू आलं होतं! सोजरबाईनं धक्क्यावर रेडिओच्या दोन्ही बाजूंना एकेक दगड लावून ठेवला, म्हणजे रोज तोंड त्याच दिशेला येईल. कपाळावरची टिकली काढून ती काचेवर काट्याच्या बरोबर वर चिकटवली. मग मला म्हणाली, "ही मूठ आता कुनाच्या हातानं हलू नाई असं करा." तिची पोरं गाण्याचं स्टेशन हुडकणार, काटा हलणार आणि सकाळी पुन्हा केंद्र सापडेपर्यंत गाडी जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. मी लाखेचा एक थेंब वितळवून मूठ जागेवर बसवून टाकली.

"म्हणजे गाणी बंद," मी म्हणालो.

"म्हसरं जगू द्या. मंग गानी."

तिथून पुढे त्या घळीचा कारभार पाटील बघू लागला. पहाटे केंद्र उघडल्याची धून वाजली की तिन्ही घरांत धारा सुरू. भक्तिगीतं लागली की जाऊ आणि तुकाअण्णा आपापली चरवी घेऊन विहिरीवर येत, कॅन तिथंच भरायचं. बातम्या सुरू व्हायच्या आत मंडळी फाट्याच्या वाटेला लागलेली. दिवसा रेडिओ बंद, आणि सेल पाटीवर उन्हात वाळत घातलेले. उन्हात तापवलेला सेल थोडा दम धरतो. कुरड्यांसारखे सेल वाळत घालायची रीत आमच्याकडे घरोघरी होती. एकदा ती सेल न्यायला आली तेव्हा एवढं सांगून गेली, आणि वर म्हणाली, "तुमचा पाटील कामाचा निघाला." त्याची तारीफ मला अजूनही पुरती गोड लागत नव्हती.

पुढचं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. फेब्रुवारीचे दिवस असतील. मी दिंद्रुडच्या बाजाराला निघालो होतो, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसलेलो. त्या फाट्यापाशी आमची गाडी थांबली ती हलेना. पुढे दुधाची गाडी उभी, इंजिन चालू, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

"काय झालं बे?" मागून एक जण ओरडला.

कंडक्टर खाली उतरून बघून आला. "बाई आडवी आली गाडीला. हातात खोकं हाय कायतरी."

मी पिशवी तशीच टाकून खाली उतरलो. दुधाच्या गाडीसमोर सोजरबाई उभी होती. पाटील दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. धावत आली असणार, श्वास लागला होता आणि पदर खांद्यावर राहिला नव्हता.

महादू ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी बाहेर काढली. "ओ वैनी, बाजूला व्हा! टाइम झाला."

"कशाचा टाइम झाला?"

"बातम्या संपल्या."

"आसं?" ती म्हणाली. "मंग ह्यो कोन बोलतोय?"

आणि तिनं आवाजाची मूठ शेवटपर्यंत फिरवली. इंजिनाच्या धडधडीवरून पाटलाचा फाटका आवाज आमच्या एसटीपर्यंत आला. निवेदक सांगत होता की टंचाई निवारणाची कामं युद्धपातळीवर सुरू असून जनतेनं सहकार्य करावं. एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून ऐकू लागली.

लोकांना वाटलं बाई भ्यालीय, कारण ती गाडीसमोर सरळ उभी नव्हती, अंग तिरपं करून उभी होती. त्या सगळ्या गर्दीत मला एकट्याला कळलं की ती तशी का उभी आहे. सरळ उभी राहिली असती तर रेडिओची कड परभणीकडे गेली असती आणि आवाज बसला असता. मी सांगितलेलं आजवर एकाही गिऱ्हाइकानं पाळलं नव्हतं, आणि ही बाई गाडीच्या तोंडाशी उभी राहून ते पाळत होती.

"ह्या आठवड्यात दोनदा असंच केलं त्यानं," सोजरबाई आता एसटीकडे तोंड करून बोलत होती, पण पाय जागचे हलवले नव्हते. "आमी वळनावर दिसलो की गाडी काढतो. वस्तीचं नाव कमी झालं की अर्ध्या मैलाचा वळसा वाचतो त्याचा. आज मी फुडं पळत आले. कॅन मागून येतंय." मग महादूला म्हणाली, "बातम्या संपूस्तवर गाडी हलायची न्हाई, असं तुमच्याच मिटिंगीत ठरलं. संपल्या की माझ्या अंगावरून घाल."

महादूनं एकदा तिच्याकडे, एकदा एसटीतल्या तोंडांकडे बघितलं. आमच्या कंडक्टरनं शांतपणे विचारलं, "काय रं, बातम्या चालू हायत न्हवं?" महादूनं इंजिन बंद केलं. मग तर फाट्यावर पाटलाशिवाय दुसरा आवाजच राहिला नाही. क्रीडावृत्त सुरू झालं. कुठली टीम जिंकली ते एरवी मी विसरत नाही, त्या दिवशी ऐकलंच नाही. सगळे वाटेच्या वळणाकडे बघत होते. तिथून जाऊ आणि तुकाअण्णा येत होते, मधे काठीला अडकवलेलं कॅन, म्हातारा अर्धा पळत, अर्धा अडखळत.

"हवामान कोरडे राहील," निवेदक म्हणाला. एसटीतलं कुणीतरी हसलं.

दोन प्रवासी पुढे धावले आणि त्यांनी कॅन उचलून गाडीत चढवलं. झाकण बसलं, महादूनं साखळी लावली, आणि निवेदकानं बातम्या संपल्याचं सांगितलं. पुढच्या क्षणी गाण्याची पेटी वाजू लागली. पण पहिला शब्द यायच्या आत सोजरबाईनं बटण बंद केलं. सेल वाचले पाहिजेत. मग ती बाजूला झाली आणि महादूला म्हणाली, "जा आता."

त्यानंतर गाडीनं कधी घाई केल्याचं मी ऐकलं नाही. महादू मात्र महिन्याभरानं दुकानात आला. मान खाली घालून रेडिओ बघत राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, गाडीत ठिवायला येखादा द्या. पर हळू बोलनारा द्या." सोजरबाईनं परत केलेला तो तळहाताएवढा गोड रेडिओ मी त्याला दिला. शेवटी त्याला घर मिळालं.

तिन्ही घरांच्या म्हशी तरल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तुकाअण्णांची उन्हाळ्यात गेली, वय झालं होतं तिचं. तरी म्हातारा रोज पहाटे विहिरीवर यायचा आणि कॅनला खांदा द्यायचा. बाकी दोन्ही राहिल्या, त्यांतली एक नुकती व्यालेली, म्हणून कॅन भरत राहिलं. वस्तीचं नाव सोसायटीत राहिलं.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आसपास सोजरबाई पुन्हा दुकानात आली. पाटलाचं खोकं धुळीनं मळलेलं, टिकलीचा रंग उडून पांढरा ठिपका राहिलेला. रेडिओ माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "हिरीला पानी हाय. मालक बी ह्या साली कारखान्यावर जाईना म्हनतेत. लाख काढा."

मी सुरीच्या टोकानं लाखेचा थेंब उडवला. मूठ फिरवून द्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. स्वतःच फिरवली, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हैदराबाद आलं, पुणं आलं, कुठलीतरी न कळणारी भाषा आली, मग एकदम एक लावणी लागली. पाटलाचा घसा तसाच फाटका, पण दुकानातली गिऱ्हाइकं मान डोलवू लागली.

"वर्षभर हे सगळं ह्यात होतं," मी म्हणालो. "कधी वाटलं नाही का, जरा फिरवून बघावं?"

"रोज वाटायचं," ती म्हणाली. आणि पाटलाचा आवाज तिनं आणखी मोठा केला.